वाचनालयातलं नवं कपाट आणि त्यावरचे आक्षेप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात यंदा एक वेगळा संग्रह उभा राहतो आहे. विषय आहे मुस्लिम इतिहास, कला आणि संस्कृती. मी याच वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले, पुस्तक निवड समितीवर अजून आहे, आणि या संग्रहाची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. वार्षिक सभेत या विषयावर बरीच गरमागरमी झाली. ‘पुस्तकं आहेत की, वेगळं कपाट कशाला?’ असं एकानं विचारलं. ‘त्यांच्यातले सभासद आहेत किती?’ असं दुसऱ्यानं. ‘उद्या प्रत्येक जण आपापलं कपाट मागेल’ हे तिसऱ्याचं म्हणणं. माणसं आमचीच, वर्षानुवर्षांची सभासद, आणि प्रश्न त्यांनी मनापासून विचारले. सभेत सगळं बोलायला वेळ मिळाला नाही. हेच प्रश्न इतर गावांच्या वाचनालयांतही उठणार, म्हणून आपल्या पत्रातून लिहिते आहे.

पुस्तकं आहेत, हे खरं. पण ती कुठे आहेत ते पाहा. पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या दशांश वर्गीकरणात इस्लाम धर्माला २९७ हा वर्गांक आहे. विषयात कुठेही मुसलमान आला की पुस्तक २९७ मध्ये टाकायचं, ही पुष्कळ वाचनालयांतली जुनी वहिवाट. त्यामुळे मशिदींच्या बांधणीवरचं पुस्तक धर्मात, सुलेखनावरचं धर्मात, कुणा हकिमाचं चरित्रही धर्मात. आणि जे धर्मात गेलं नाही ते इतकं विखुरलेलं, की एकाचा दुसऱ्याशी काही संबंध आहे हे वाचकाला कळायला मार्गच नाही. मलिक अंबर इतिहासात. श्रीगोंद्याचे शेख महंमद संतवाङ्मयात. सगनभाऊ शाहिरी काव्यात, अमरशेख कवितेत, हमीद दलवाईंची ‘इंधन’ कादंबऱ्यांत, विजापूरचा गोलघुमट प्रवासवर्णनात. प्रत्येक पुस्तक आपल्या जागी बरोबरच आहे. पण ही सगळी माणसं एका मोठ्या गोष्टीतली आहेत, आणि ती गोष्ट सलग कुणाच्या हाती लागत नाही. हाती लागतात ती फक्त लढायांची प्रकरणं.

यावरचा उपाय फार खर्चाचाही नाही. सगळी पुस्तकं उचलून नव्या कपाटात आणायची गरज नाही. शेख महंमदांना संतवाङ्मयातून काढलं तर मीच आधी भांडेन. त्यांची जागा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या पंक्तीतच आहे. सूचीत दुहेरी नोंद करायची, आणि नव्या कपाटात त्या पुस्तकाचं कार्ड ठेवायचं : अमुक विभागात, अमुक फडताळावर पाहा. कपाटात मुख्यतः नवी खरेदी, मोठ्या आकाराचे चित्रग्रंथ आणि संदर्भग्रंथ राहतील. सभासदांना कपाटांपर्यंत थेट जाऊ देणारी मुक्तद्वार पद्धत आमच्याकडे असल्यामुळे ते स्वतः उघडून बघतील.

यादी करताना मी सर्वांत जास्त रेंगाळले ती एका पोथीपाशी, आणि ती पोथी आमच्या कपाटात कधीही येणार नाही. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे आफताबी नावाच्या कवीनं अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या गौरवासाठी रचलेलं फारसी काव्य. १५६५ साली तालिकोटची लढाई झाली, विजयनगर पडलं, आणि त्याच वर्षी हुसेन निजामशहाही वारला. पोथी त्याच सुमाराची. दख्खनी चित्रकलेचे जे अगदी सुरुवातीचे नमुने आज शिल्लक आहेत, त्यांत या पोथीतल्या बारा चित्रांची गणना होते. ती आहे पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात. मी तिच्यातली चित्रं एका जाड चित्रग्रंथात छापलेली पाहिली.

या चित्रांत राजाजवळ राणी खुंजा हुमायून बसलेली आहे. दरबारी चित्रात राणीला असं राजाच्या शेजारी, ओळख पटेल अशी काढणं त्या काळात फार क्वचित दिसतं. नवऱ्यामागे काही वर्षं कारभार तिनंच पाहिला. मग मुलगा मुर्तजा यानं तिच्या हातून सत्ता काढून घेतली आणि तिला कैदेत ठेवलं. पोथीतल्या बहुतेक चित्रांत तिच्या आकृतीवर नंतर रंग चढवून ती झाकलेली आहे. राजा तसाच बसलेला, सेवक तसेच उभे, आणि शेजारी तेवढाच एक रंगाचा थर. आपल्या राज्यातली एक कर्ती बाई इतिहासातून कशी पुसली जाते हे त्या पानावर जितकं स्वच्छ दिसतं तितकं मी कुठल्या मजकुरात वाचलेलं नाही. चांदबिबीचं नाव आपल्याला ठाऊक आहे. ती या खुंजा हुमायूनचीच लेक. १५९५-९६ मध्ये मुघलांपुढे नगरचा किल्ला लढवणाऱ्या मुलीची आई कोण होती, हे मात्र आमच्या शाळांतून कधी कुणी सांगितलं नाही.

त्याच पोथीत आणखी एक चित्र आहे : सुंदर स्त्रीचा स्पर्श झाला आणि झाडाला बहर आला. संस्कृत काव्य वाचलेल्या कुणालाही हे लगेच ओळखू येईल. तरुणीच्या पायाच्या स्पर्शानं अशोक फुलतो, हा आपल्या कवींचा शेकडो वर्षांचा संकेत. तो फारसी काव्यात, निजामशाही दरबारात, दख्खनच्या चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरला आहे. ज्या घराण्याचा मूळपुरुष पाथरीच्या ब्राह्मण घरातला, असं फेरिश्तासारखा त्या काळचा इतिहासकार लिहून ठेवतो, त्या घराण्याच्या पोथीत असं चित्र असावं यात नवल नाही. नवल याचं, की मराठी वाचकाला हे सांगणारं चार रंगीत पानांचं साधं पुस्तकही सहज मिळत नाही.

विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा (१५८० ते १६२७ अशी त्याची कारकीर्द) हा असाच. ‘किताब-ए-नवरस’ हा त्यानं दखनी या दक्षिणेतल्या जुन्या उर्दू बोलीत रचलेल्या गीतांचा संग्रह. त्यात सरस्वतीची स्तुती आहे, गणपतीला त्यानं पिता म्हटलं आहे, आणि गुलबर्ग्याचे सूफी बंदेनवाज गेसूदराज यांनाही त्याच भक्तीनं आळवलं आहे. आपल्या तंबोऱ्याला त्यानं मोतीखान असं नाव दिलं होतं. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. शहाजीराजांच्या उमेदीच्या काळातलं दख्खन हे असं होतं. ते समजून घेतल्याशिवाय शिवकालाची पार्श्वभूमी तरी कशी समजणार? मालोजीराजांनी आपल्या दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली ती नगरच्या शाह शरीफ या पिरावरून, हे आपण शाळेपासून ऐकतो. तो शाह शरीफ कोण, सूफी म्हणजे कोण, ते दख्खनमध्ये का आले, खुलताबादला एवढ्या कबरी कुणाकुणाच्या, हे विचारणाऱ्या मुलाला देण्यासारखं पुस्तक कपाटात असलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

आता सभेबाहेर आलेल्या एका वेगळ्या सूचनेबद्दल. एका भल्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘बाई, करा संग्रह, पण सलोख्याचीच पुस्तकं निवडा. वाद नको.’ त्यांचा हेतू चांगला आहे, पण मला हे अजिबात पटलेलं नाही. गोड तेवढंच निवडलेलं कपाट वाचकाला फसवतं, आणि वाचक ते पहिल्या दोन पुस्तकांतच ओळखतो. विजयनगरची लूट, पाडलेली देवळं, औरंगजेबाची दक्षिणेतली पंचवीस वर्षांची मोहीम, १६८९ मध्ये संभाजीराजांचा झालेला छळ आणि वध, निजामाच्या हैदराबाद राज्यातल्या रझाकारांचे अत्याचार, हे सगळं या संग्रहात हवं, साधनांच्या आधारानं लिहिलेलं हवं. त्याच फडताळावर १९४८ च्या हैदराबादवरच्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातल्या मुसलमानांचं काय झालं हे सांगणारा सुंदरलाल समितीचा अहवाल हवा, आणि १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवालही हवा. समाजाच्या आतून झालेली टीका तर हवीच हवी. १८ एप्रिल १९६६ ला तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा निघाला. दलवाईंनी तो काढला, पुढे १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, आणि १९७७ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यांना विरोध करणाऱ्यांनी काय लिहिलं, तेही वाचायला मिळावं. १९९० पासून सोलापुरातून सुरू झालेल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनांमधून जे लिहिणारे पुढे आले, त्यांचा सूर दलवाईंपेक्षा निराळा होता. वाचकाला दोन्ही वाचू दे. निवाडा करणं हे ग्रंथपालाचं काम नव्हे. पुरावे आणि बाजू समोर ठेवणं हे आहे.

‘त्यांच्यातले सभासद किती’ या प्रश्नाबद्दल. हा संग्रह मुसलमान सभासदांसाठी आहे हा समज मुळातच चुकीचा. कोरियन इतिहासाचं पुस्तक आपण कोरियन सभासदांसाठी घेत नाही. तरीही एका मुलीबद्दल सांगते, कारण ती माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नववीतली होती, आडनाव शिकलगार. शाळेनं ‘आपल्या घरातला व्यवसाय आणि त्याचा इतिहास’ असा प्रकल्प दिलेला. ती दोन दिवस आमच्या वाचनालयात बसली. तलवारी कुणी चालवल्या यावर आमच्याकडे चांगली भिंतभर पुस्तकं आहेत. त्यांना धार कुणी लावली यावर एक ओळ नव्हती. शेवटी मी तिला सगनभाऊंच्या लावण्यांचं पुस्तक काढून दिलं. जेजुरीचे सगनभाऊ, उत्तर पेशवाईतले गाजलेले शाहीर, जन्मानं मुसलमान आणि घरचा धंदा शिकलगारीचा. तिनं प्रस्तावना तिथेच उभ्या उभ्या वाचली आणि मला विचारलं, ‘हे आमच्यातले?’ मी म्हटलं, हो, आणि आमच्यातलेही.

तांबोळी, अत्तार, बागवान, मणेर, पिंजारी, मुलाणी, मोमीन : आपल्या बाजारपेठेचं अर्धं कामकाज ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं, त्यांच्याविषयी मराठीत सलग वाचायला फार थोडं आहे. कोकणी मुसलमानांची बोली, त्यांचं समुद्राशी असलेलं नातं, जंजिऱ्याचे सिद्दी, मोहरमच्या ताबुतांत आणि सवाऱ्यांत सामील होणारी हिंदू घरं, मुस्लिम घरांतल्या बायकांनी जात्यावर मराठीत गायलेल्या ओव्या. यातलं पुष्कळसं अजून कागदावरही आलेलं नाही. या बाबतीत वाचनालयाला नुसतं खरेदी करून भागणार नाही, गोळा करावं लागेल. ज्यांच्या घरी आजी-पणजीच्या ओव्या पाठ असणारं कुणी आहे, त्यांनी त्या फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, अशी माझी हात जोडून विनंती आहे. जुनी फारसी किंवा मोडी कागदपत्रं, सनदा, इनामपत्रं असतील तर मूळ कागद घरीच सांभाळा, पण त्यांची चांगली छायाचित्रं काढून घ्या. आदिलशाही-निजामशाहीतली पुष्कळ फर्मानं वर फारसी आणि खाली मोडी मराठी अशी दुहेरी असत. आपल्या ट्रंकेत काय आहे हे आपल्यालाच माहीत नसतं.

कलेच्या भागात मी थोडा हट्ट धरला आहे. वस्तू कशी घडते हे सांगणारी पुस्तकं आणि छायाचित्रं हवीत. बिदरी काम घ्या. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यावर छिन्नीनं नक्षी खोदतात, खोबणीत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात कालवून तिचा लेप चोळतात, आणि जस्त काळंभोर होतं, चांदी मात्र पांढरीच राहते. एका मातीच्या गुणावर एक आख्खी कला उभी आहे. किंवा संभाजीनगरचा बीबीचा मकबरा. सहली जातात, ‘ताजमहालाची नक्कल’ म्हणून मुलं हसतात आणि परततात. त्याच्या दारावर अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपत राय हा बांधकाम पाहणारा, अशी दोघांची नावं कोरलेली आहेत, हे आधी वाचून गेलेलं पोर तिथे पाच मिनिटं जास्त थांबेल. पाणचक्कीला पाणी कुठून येतं, मातीच्या भाजलेल्या नळांतून ते उंचावर कसं चढवलं, हे विज्ञानाच्या शिक्षकांनाही उपयोगी पडेल. त्याच शहराची, म्हणजे जुन्या खडकीची, १६१० मध्ये वसाहत करणारा मलिक अंबर हा इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. त्यानं शहराला नहर दिली, जमिनीची प्रत पाहून सारा ठरवायची पद्धत बसवली, आणि १६२४ मध्ये भातवडीला मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना एकदम हरवलं. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूनं होते. शरीफजी तिथेच पडले.

दख्खनच्या बाहेरचं जग थोडक्यात आटोपते, कारण तिथली इंग्रजी पुस्तकं भरपूर आहेत आणि अडचण मराठीचीच आहे. संस्कृत शिकून अकराव्या शतकात हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिणारा अल-बिरुनी, प्रकाशाच्या अभ्यासाला प्रयोगाची शिस्त लावणारा इब्न अल-हैथम, समरकंदला वेधशाळा उभारणारा उलुगबेग, देवगिरीला येऊन मराठ्यांविषयी लिहून ठेवणारा इब्न बतूता, टिंबक्टूच्या हस्तलिखितांचे पेटारे. जगातले सर्वाधिक मुसलमान असलेला देश इंडोनेशिया आहे, आणि तिथे रामायणाचे खेळ होतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या मनात मुस्लिम म्हणजे वाळवंट आणि उंट एवढंच चित्र राहतं.

मराठीची अडचण ही, की जे उत्तम लिहिलं गेलं ते आता मिळत नाही. रा. चिं. ढेरे यांचं ‘मुसलमान मराठी संतकवी’ आणि सेतुमाधवराव पगडी यांचं ‘सूफी संप्रदाय’ या आमच्याकडच्या प्रती इतक्या जीर्ण झाल्या आहेत की मी त्या घरी न्यायला देत नाही. शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ मागणारा वाचक वर्षातून एखादा येतो आणि त्यालाही संदर्भ विभागातच बसवावं लागतं. स्वतःला अविंध, म्हणजे मुसलमान, म्हणवून घेत हृदयातल्या गोविंदाची ग्वाही देणारा हा कवी. परंपरेनं त्यांचे गुरू मानलेल्या चांद बोधल्यांपाशीच एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामीही जोडले जातात. असा ग्रंथ कुलूपबंद ठेवावा लागतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं या जुन्या ग्रंथांच्या स्वस्त आवृत्त्या काढाव्यात किंवा ते संकेतस्थळावर वाचायला ठेवावेत. श्रीपाद जोशींचा उर्दू-मराठी शब्दकोश ज्या वाचनालयाकडे असेल त्यांनी तो जपावा. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांतून गावोगावी पुस्तकं येतात. त्यांच्या याद्या करताना या विषयाला जागा मिळावी. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो वाचनालयं आपल्या राज्यात आहेत. त्यांतल्या ‘ड’ या सर्वांत लहान वर्गाच्या वाचनालयालाही दहा पुस्तकांपासून सुरुवात करता येईल. वेगळं कपाट नसलं तरी एक फळी पुरे.

प्रकाशकांना एक सांगणं आहे. बालविभागासाठी आम्हांला या विषयावर जवळजवळ काहीच सापडलं नाही. मलिक अंबर, चांदबिबी, इब्राहिम आदिलशहा, शाहीर अमरशेख यांच्यावर मोठ्या टाइपातली, चांगल्या चित्रांची, बत्तीस-चाळीस पानांची पुस्तकं कुणी काढली, तर आमचं वाचनालय प्रत्येकी दोन प्रती घेईल.

‘प्रत्येक जण कपाट मागेल’ या तिसऱ्या आक्षेपाला माझं उत्तर : मागू दे. भटक्या जमातींच्या इतिहासाचं मागू दे, जैन मराठी वाङ्मयाचं मागू दे, बेने इस्रायलांचं, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंचं, मागू दे. मागणी लेखी द्यावी, पुस्तकांची नावं सुचवावीत, निवड समिती विचार करेल. वाचनालयात मागणीपुस्तिका ठेवलेली असते ती याचसाठी. आमच्या मागणीपुस्तिकेत सध्या एका सभासदानं, सभेत सर्वांत मोठ्यानं विरोध करणाऱ्यांपैकीच एकानं, चांदबिबीच्या चरित्राची मागणी नोंदवली आहे. ती मी खरेदीच्या यादीत घातली आहे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल